आधी ओ, मग पाणी

दवंडीला कुणी ओ दिली नाही, तेव्हाच गोजराच्या काळजात धस्स झालं.

राजा भैरवसेनाला मेव्हण्यासाठी नवं राज्य हवं होतं. त्यानं नदीपलीकडच्या ओसाड माळावर सिंहासन मांडलं, त्यावर मेव्हण्याला बसवलं, निशाण रोवलं, नवा शिक्का पाडला, सिंहासनामागे आंब्याची रोपं लावली, शिपाई उभे केले. दवंडीवाला ओरडला, "ऐका होऽऽ, आजपासून इथे राज्य झालं!" उत्तरादाखल वारा तेवढा वाहिला.

गोजरा पाटकऱ्याची लेक. गावच्या पाटाचं पाणी तिचा बाप कोंडाजी वाटायचा. रीत अशी, की पाटकऱ्यानं हाक मारायची, पाळीवाल्यानं ओ द्यायची, मगच पाटाचं दार उघडायचं. हाकेला ओ नाही म्हणजे काहीतरी बिघडलंच. ती पुटपुटली, "अगं बाई, ओ द्यायला इथे राहणारं कुणी नाही, मग राज्य कसलं?"

"कोण बोललं ते?" राजानं विचारलं.

बापासाठी आणलेलं भाकरीचं गाठोडं तिच्या हातून पडलं. "मी, महाराज. चुकून."

"आता मुद्दाम करून दाखव. सूर्य मावळायच्या आत इथे राज्य उभं कर. सिंहासन नाही, शिक्का नाही, शिपाई नाही. जमलं नाही, तर तुझ्या बापाची पाटकरकी गेली."

कोंडाजीनं गर्दीतून पुढे येऊन गाठोडं उचललं. "पोरी, पाटालासुद्धा दार असतं. तुझ्या तोंडाला नाही?"

गोजरानं नदीवरच्या बंधाऱ्याकडे बोट दाखवलं. "महाराज, बंधाऱ्याचं पाणी माळावर सोडू का?"

"सोड. पाण्यानं राज्यं उगवतात होय?"

सोहळा बघायला धनगर, कुंभार, शिवेवरची बिनजमिनीची माणसं जमली होती. गोजरानं बंधाऱ्यापासून माळावर पाट काढून घेतला आणि म्हटलं, "ज्याला वाफा हवा, त्यानं पाडावा." फावडी निघाली आणि त्यांच्यामागोमाग भांडणंही. गचांड्या धरल्या गेल्या. तशी तिनं पाटाचं दारच बंद केलं.

"का गं?" माणसं ओरडली.

"आधी ठरवा. नाहीतर पाणी नदीला परत."

बराच गलका झाला. अखेर ठरलं, की पाणी पाटाच्या शेपटाला, टोकाच्या वाफ्याला आधी, बंधाऱ्याजवळ तोंडाशी शेवटी. मध्येच पाट फोडणाऱ्याची पुढची पाळी बुडाली. हाक गोजरानं मारायची.

दुपारी आंब्याच्या रोपांनी माना टाकल्या. "आधी माझ्या रोपांना," राजानं फर्मावलं.

शेपटाच्या वाफ्यातली म्हातारी सरूबाई फावडं टेकून पाटातच उभी राहिली. "पाळी माझी हाय, राजा. तुझा वाफा तोंडाला."

शिपाई पुढे सरकले. मघाशी एकमेकांच्या उरावर बसलेली माणसं गुमान सरूबाईच्या मागे येऊन उभी राहिली.

"या टोळक्याला राज्य म्हणतेस?" राजा गोजराकडे वळला. "शिक्का कुठाय यांचा?"

गोजरा सरूबाईच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "शिक्का उद्या पाडून घेऊ, महाराज. तुमचा शिक्का आधी आला, माणसं आलीच नाहीत."

राजानं शिपायांकडे पाहिलं. त्यातले दोघे भाले टाकून गुपचूप वाफा पाडत होते. राजाला जे हसू फुटलं, ते पोट धरूनही आवरेना. "मेव्हणे, उतरा खाली. हे राज्य यांचं! कोंडाजी, तुझी पाटकरकी कायम. आणि या माळाची पाटकरीण तुझी लेक." हातातलं सोन्याचं कडं काढून त्यानं गोजराला दिलं.

"आणि तुमची रोपं, महाराज?"

"पाळीनं."

सूर्य डोंगराला टेकला. एकेक वाफा भिजत पाळी तोंडाशी आली. गोजरानं शेवटची हाक दिली, "पाळीऽऽ, तोंडाचा वाफा!"

कुणी बोलेना. ती पुन्हा दचकली. दारावरचा हात तसाच राहिला.

तेवढ्यात सिंहासनामागे, पाटाकडेच्या गुडघाभर चिखलातून, पीतांबर खोचलेलं कुणीतरी फावडं सावरत उठलं.

"ओऽऽ!" राजानं उत्तर दिलं.