दुपारचा हात

“प्राण शरीर सोडतो ती वेळ ओळखता येते का, आक्का?”

विश्वंभरने हे विचारले खरे, पण उत्तर त्याच्यापाशी होते. काशीत बारा वर्षे शास्त्रे शिकून तो डोंगरावरच्या या मठात आला होता.

आक्का तांदूळ निवडत होत्या. मठात येण्यापूर्वी त्या तालुक्याच्या दवाखान्यात तीस वर्षे नर्स होत्या.

“मला नाही येत,” त्या म्हणाल्या.

विश्वंभर हसला आणि पंचप्राणांची लक्षणे सांगू लागला.

तेवढ्यात दार दुरुस्त करणारा केरबा सुतार उंबऱ्यातच कोसळला.

आक्कांनी त्याचे खांदे हलवले. हाका मारल्या. छातीकडे पाहिले.

“एकशे आठला फोन लाव.”

मग गुडघ्यांवर बसून, छातीच्या मधोमध तळव्यावर तळवा ठेवून त्या दाबू लागल्या. जोराने, भराभर.

विश्वंभर फोन करून आला. केरबाचा जबडा हलला, घशातून घरघर आली.

“आक्का, श्वास घेतोय.”

“तो श्वास नव्हे. हृदय थांबलंय.”

थोड्या वेळाने त्यांचा जोर कमी पडू लागला.

“ये. बस इथं.”

“मेलाय तो, आक्का…”

“हो. दाब.”

तो बसला. दाबू लागला. तळव्याखाली काहीतरी कडकन मोडले.

“बरगडी…”

“सांधेल. दाब.”

बाहेर रखरखीत ऊन होते. मठात फक्त आक्कांचे आकडे मोजणे ऐकू येत होते. केरबाचे डोळे अर्धवट उघडे होते, काचेसारखे.

मग केरबाचा हात उठला. त्याने विश्वंभरचे मनगट धरले. घट्ट.

विश्वंभर थांबला.

मनगटावरची बोटे सैल झाली. हात जमिनीवर पडला. डोळे पुन्हा तसेच.

“दाब.”

तो दाबू लागला. हात पुन्हा उठला, मनगट शोधू लागला…

“तू दाबतोस तोवरच रक्त मेंदूला जातंय,” आक्का म्हणाल्या.

या वेळी विश्वंभर थांबला नाही.

आक्कांनी आणि त्याने आळीपाळीने दाबले. रुग्णवाहिका घाट चढून आली तेव्हा दोघेही घामाने भिजले होते. तिच्यातल्या माणसांनी केरबाच्या छातीवर यंत्राच्या पट्ट्या चिकटवल्या, सगळ्यांना दूर सारून झटका दिला. दुसऱ्या झटक्याला नाडी लागली. ते त्याला घेऊन गेले.

चौथ्या दिवशी निरोप आला. केरबा शुद्धीवर आहे, पेज मागतो आहे. त्या दुपारचे त्याला काही आठवत नाही.

विश्वंभर आक्कांसमोर येऊन बसला.

“आक्का… तो हात मला थांब म्हणत होता, की थांबू नको म्हणत होता?”

“तुला काय वाटलं?”

“काहीच कळलं नाही. जे शिकलो होतो, त्यातलं एक अक्षर आठवेना. नुसता दाबत राहिलो.”

आक्का उठल्या. जाता जाता म्हणाल्या,

“म्हणून वाचला तो.”