धुरपदा पाटकरीण आणि बोललेलं रान

फार वर्षांपूर्वी, बोरखिंडच्या नदीला बारमाही पाणी होतं आणि माणसांना बारमाही भांडणं होती, तेव्हाची ही गोष्ट. नदीवर बंधारा होता. बंधाऱ्यातून एकच पाट निघायचा आणि गावाची सगळी वावरं त्या पाटाला ओळीनं लागलेली होती. ज्याच्या त्याच्या पाळीनं पाणी मिळायचं. पाळी लावतो तो पाटकरी, आणि पाटकऱ्याच्या घरचं वावर मुद्दाम अगदी शेवटी. वरच्यांचं भिजल्याशिवाय त्याला घरी जायची सोयच नव्हती.

आणखी एक रीत होती. वावर भिजलं की मालकानं बांधावरून 'भरलं' अशी हाळी द्यायची, मगच पाटकऱ्यानं त्याचं दारं, म्हणजे पाटातून वावरात पाणी घ्यायचं तोंड, बंद करायचं. हा शब्द मालकाचाच. आता शब्द मालकाचा म्हटल्यावर घसा लवकर कुणाचा सुटणार? गुडघाभर चिखल झाला तरी 'जरा थांब' चालायचं.

धुरपदाचा नवरा पाटकरी होता. तो गेला आणि तिनं त्याचं फावडं उचललं. वरच्या अंगाचा झिपरू म्हणाला, "बाईच्या हाती पाट दिला, आता गहू चुलीवरच पिकवा." सगळे हसले. धुरपदा पाटावर जाऊन उभी राहिली.

कुणी म्हणायचं, घरी पाहुणे आलेत, मला आधी सोड. कुणी म्हणायचं, शेजाऱ्याला सांग पाळी उद्या आहे, एवढं खोटं चालतं. धुरपदा एकच विचारायची, "समद्यांनी असंच केलं तर?" माणूस डोकं खाजवत परत जायचा. असं म्हणतात, की गावजेवणात कुणी दुसरा लाडू मागितला तरी वाढणाऱ्या बायका त्याला तेच विचारायच्या.

मग एका साली नदी करंगळीएवढी झाली. गहू ओंबीवर आलेला, शेवटचं एक पाणी हवं होतं, आणि ते निम्म्या वावरांनाही पुरेल असं दिसेना. पाळी झिपरूची होती. झिपरू आजारी बायकोला घेऊन परगावच्या वैद्याकडे गेलेला. शेवटच्या वावरात उभा होता धुरपदाचा एकुलता एक लेक सुपडू. त्याचा गहू गेला असता तर पोराबाळांना घेऊन त्याला गाव सोडावं लागलं असतं.

तो पाटावर आला. "आई, झिपरूची पाळी मला दे. तो काय गावात न्हाई."

"समद्यांनी असंच केलं तर?"

सुपडू चिडला. "समदे कुठनं आले मधी? मी लेक हाय तुझा. माझी पोरं उपाशी निजली, तर त्यांनाबी हेच इचारशील?"

धुरपदाच्या डोळ्यांना धार लागली. आजूबाजूचे म्हणाले, "दे बाई लेकाला. झिपरू तुला काय कमी टाकून बोललाय?"

"त्याची पाळी काय गोड बोलण्यावर लावली व्हती व्हय? मग कडू बोलण्यावर कशी मोडू?"

आणि तिनं झिपरूचं दारं उघडलं. त्याचा वाफा न् वाफा स्वतः उभं राहून भिजवला, स्वतःच्या लेकाचा भिजवावा तसा. सुपडू कडेला उभा राहून बघत होता. शेवटी म्हणाला, "आता तूच म्हण भरलं, आन् कर बंद."

"तो शब्द त्याचा हाय. माझ्या तोंडात कसा घालू?"

पाणी टोकाच्या वाफ्याला लागलं. आणि भर दुपारी, सगळे पाटावर उभे आणि वावरात चिटपाखरू नसताना, वावरातूनच हाळी आली. भरलं. असं म्हणतात, की सगळ्या ओंब्या एकदम हलल्या आणि माती बोलली. झिपरू स्वतः घ्यायचा त्याच्या निम्म्या पाण्यातच बोलली.

पुढच्या वावराचा धनी मटकन बांधावर बसला. "रानाला पोट कळतं," तो म्हणाला, "आन् आपल्याला कळंना." पाणी टोकाला लागताच त्यानं हाळी दिली. त्याच्या पुढच्यानं दिली, त्याच्याही पुढच्यानं दिली. समद्यांनी तसंच केलं. असं म्हणतात, की पाट पुढे जाईल तसा फुगत गेला. मला विचाराल तर पाणी तेवढंच होतं, पण मी सांगणारा कोण?

दिवस कलता कलता पाणी सुपडूच्या गव्हात शिरलं. सगळं गाव त्याच्या बांधावर जमलं होतं. वाफे भरले, पण सुपडूचा गळा असा दाटला की हाळी निघेना. त्याच्यासाठी दुसरं कुणी बोललं नाही. सगळे थांबले, धुरपदाही फावडं धरून थांबली. मग तो जे ओरडला, ते डोंगरापलीकडच्या गावात ऐकू गेलं. त्या साली बोरखिंडीत एकही वावर कोरडं राहिलं नाही.

झिपरू परतला, भिजलेलं वावर बघितलं आणि तसाच धुरपदाच्या दारी गेला. तो काय बोलला ते कुणी ऐकलं नाही, पण पुढे धुरपदा आजारी पडली तेव्हा पाटावर फावडं घेऊन तोच उभा राहायचा.

अजूनही बोरखिंडीत परगावी गेलेल्याची पाळी चुकत नाही. त्याचं ज्याच्याशी भांडण असेल त्यानंच त्याचं पाणी धरायचं, त्याला धुरपदाची पाळी म्हणतात. म्हणून तिथला माणूस गावाला निघाला की शेजाऱ्याकडे जात नाही. तो थेट वैऱ्याच्या दारात उभा राहतो, म्हणतो, "माझ्या वावराकडं बघ," आणि निर्धास्त निघून जातो.