सोललेली संत्री

“मग त्याला का पाठवलंत?”

वैद्य मो चुलीपुढे बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“नदीकाठच्या गावात हगवणीची साथ होती,” ते म्हणाले. “माझे गुडघे चालत नाहीत. तुझा भाऊ चालत होता.”

“होता!” फेंग ओरडला.

तो दारातच उभा होता. उजाडल्यापासून डोंगर चढून आला होता, हातात कुऱ्हाडीचा दांडा घेऊन. समोर फळीवर औषधांची मडकी ओळीने मांडलेली. पंचक्रोशीतली माणसं पोट धरून या दाराशी यायची आणि हसत उतरायची. याच मडक्यांपायी त्याच्या दादाने, हानने, उमेदीची वर्षं या झोपडीत घातली. गुरूकडून पोटाची विद्या शिकला, आणि पोटाच्याच आजाराने गेला.

“लोकांची आतडी सांभाळायला शिकवलंत. त्याची कुणी सांभाळायची?”

मोंनी चुलीत एक लाकूड सारलं.

“चुकलो म्हणा. एवढंच ऐकायला आलोय. नाही म्हणालात तर यातलं एक मडकं शाबूत ठेवणार नाही.”

“पोट कधी साफ झालं होतं?”

“...काय?”

“तुझं. शेवटचं.”

फेंगच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “मी मरणाचं बोलतोय, आणि तू हगण्याचं विचारतोस, म्हाताऱ्या?”

“ओठ फुटलेत. पोट नगाऱ्यासारखं झालंय. सरळ उभं राहवत नाही तुला. जेवतोस?”

“तुम्हाला काय करायचंय?”

पण खोटं नव्हतं ते. दादाला माती दिल्यापासून घास खाली उतरत नव्हता, आणि जे आत होतं ते बाहेर पडत नव्हतं. डोळ्यांतून टिपूसही नाही. शेजारीपाजारी यायचे, पाठीवर हात ठेवायचे आणि सगळे एकच सांगायचे. पचव रे बाबा. दुःख पचवावं लागतं. शेवटी आईही तेच म्हणाली, तेव्हा तो दांडा उचलून घराबाहेर पडला होता.

“मी पचवणार नाही,” तो म्हणाला. “सगळ्या गावाने सांगून झालं. आता तुम्ही सांगाल. नाही पचवणार. माझा दादा म्हणजे काय भात आहे?”

“नको पचवूस.”

सगळा डोंगर चढताना फेंगने भांडण पाठ केलं होतं. त्यात हे उत्तर नव्हतं.

मोंनी विस्तव सारखा केला. “आमच्या वैद्यकीत म्हणतात, छाती आणि मोठं आतडं हे दोघे भाऊ. थोरला रडला नाही, की धाकटा दार उघडत नाही.”

“तुमच्यापुढे तर मुळीच रडणार नाही.”

“नको रडूस.”

गुडघ्यांवर हात टेकून ते उठले. आढ्याला संत्र्याच्या सालींची एक माळ टांगली होती. त्यांनी ती ओढून खाली घेतली.

“हात लावू नका!”

फेंगचा दांडा वर गेला होता.

“ती दादाची आहे. ती गाठ... त्याचीच आहे. तो जोड्यांच्या बंदांनाही अशीच मारायचा.”

“तू फोडायला आला होतास ना?”

फेंगने दांडा खाली घेतला.

मोंनी माळेतली एक साल तोडली. चुलीवरच्या उकळत्या पाण्यात टाकली. जर्दाळूच्या दोन-चार बिया ठेचून तिच्यामागे सोडल्या.

“साल तीन वर्षं मुरावी लागते,” ते म्हणाले. “ही गेल्या हिवाळ्यातली. कच्ची आहे. उग्र आहे... तुला चालेल.”

वाफ उठली. झोपडीभर वास सुटला.

गेल्या हिवाळ्यात दादा घरी आला होता, सदऱ्याच्या घोळात संत्री घेऊन. सगळी सोललेली. वाटेत सुकलेली, वर कापडाचे धागे चिकटलेले. फेंग पोट धरधरून हसला होता. “ही कसली नागडी संत्री? साली काय उंदरांनी खाल्ल्या?”

“साल गुरुजींना,” दादा म्हणाला होता, “आणि संत्री तुला.”

फेंगने सगळी खाल्ली होती. दादाला एक फोडसुद्धा ठेवली नव्हती.

मोंनी वाडगा पुढे केला. फेंगने तो घेतला, पण दांडा सोडला नाही.

“हे प्यायलो म्हणजे तुम्हाला माफ केलं, असं समजू नका.”

“माफी मागितली कुणी?”

फेंग प्यायला. कडू, तिखट, घशाला ओरबाडत जाणारं. तिसरा घोट गिळता आला नाही. मग छातीतून असा आवाज फुटला की बाहेर चरणारी शेळी दचकून उडाली. तो वाडग्यात तोंड घालून रडला. बैल हंबरावा तसा रडला.

मोंनी त्याला थोपटलं नाही. ते चुलीकडे बघत बसून राहिले.

“पाठवलं मीच,” रडणं ओसरल्यावर ते म्हणाले.

उरलेला काढा फेंगने एका दमात संपवला. बाहीने नाक पुसलं. काहीतरी सणसणीत बोलायला तोंड उघडलं... आणि त्याच्या पोटात मोठ्याने गुडगुडलं.

तो तसाच थांबला.

पुन्हा गुडगुडलं. दांडा हातातून गळून पडला. पोट धरून तो दाराकडे धावला.

“माफ केलेलं नाही!” पळता पळता तो ओरडला. “येतो परत! मडकी फोडायचीत मला अजून!”

“बांबूंच्या मागे आहे,” मो आतून म्हणाले. “दार हाताने धरून बस. त्याला कडी नाही... हान बसवणार होता.”