मिर्यामसाठी प्रार्थना

"मग माझ्या प्रार्थनेत खोट कुठं आहे, ते तरी सांगा ना, गुरुजी!"

शांतवन रणपिसे बाजेच्या कडेला टेकला होता आणि त्याचा आवाज चढला होता. चढणारच. आठ गावांच्या ख्रिस्ती मंडळ्यांत त्याच्यासारखी प्रार्थना करणारा दुसरा उपदेशक नव्हता. तो उभा राहिला की म्हाताऱ्या आधीच पदर डोळ्यांना लावायच्या. अशा माणसाचं देवानं ऐकू नये म्हणजे काय!

बाजेवर येसूदास गुरुजी पडून होते. वय ब्याऐंशी. चर्चमधलं पाळकाचं काम सोडून जमाना लोटला होता. शांतवनला बायबल त्यांनीच शिकवलेलं.

वर कडुनिंब फुलला होता. वारा नसतानाही बारीक पांढरी फुलं गळत होती, गुरुजींच्या सदऱ्यावर, उशाच्या तांब्यात. जागं कोण आणि झोपेत कोण ते कळू नये, अशी ती दुपार होती.

"काय मागतोस?" गुरुजींनी डोळे न उघडताच विचारलं.

"थोरलीसाठी मागतो. मिर्यामसाठी. ईस्टरपासून ती माझ्याशी चकार शब्द बोललेली नाही. आईशी बोलते, शेळीशी बोलते, माझ्याशी नाही. परवा सोमवारी नर्सिंग शिकायला सोलापूरला निघालीय. तीन वर्षं... अशीच गेली तर, गुरुजी..."



"भांडलास?"

"मी भांडत नाही. मी प्रार्थना करतो."

गुरुजींनी एक डोळा उघडला.

"रोज?"

"रोज संध्याकाळी. सगळं घर बसवून, तिचं नाव घेऊन. ती पाच वर्षांची होती तेव्हापासून एक दिवस खाडा नाही."

"मग आत्ता कर. घरी करतोस तश्शी. एक शब्द इकडचा तिकडे नको."

शांतवनला जरा बरं वाटलं. हा तर त्याचा हातखंडा. त्यानं हात जोडले, डोळे मिटले.

"हे दयाळू स्वर्गीय पित्या, माझी लेक मिर्याम हिला तुझ्या चरणांशी आणतो. हिची जीभ तिखट आहे, ती तू मवाळ कर. हिचा हेकटपणा मोड. हिला आळसातून उठव. हिच्या धाकट्या बहिणीला दिलीस तशी समज हिला दे. आणि हिच्यापायी तुझ्या दासाला चारचौघांत मान खाली घालायला लावू नकोस. येशूच्या नावानं मागतो, म्हणून ऐक..."

तो थांबला. प्रार्थना संपली की ऐकणाऱ्यानं आमेन, म्हणजे तसंच होवो, म्हणायचं, ही रीत. शेंबड्या पोरालाही ठाऊक असते.

गुरुजी काहीच म्हणाले नाहीत.

...

लांब कुठंतरी विहिरीवरचा रहाट कुरकुरत होता. तोही थांबला.

"गुरुजी, आमेन..."

"नाही म्हणवत, बाबा."

"का?"

"हे सगळं तू कुणाला सांगत होतास?"

"देवाला!"

"त्याला ठाऊक नव्हतं?"

शांतवन बाजेचा सुटलेला दोर नखानं खरवडायला लागला.

"बरं, घरी आमेन कोण म्हणतं?"

 शांतवनला पाच वर्षांची मिर्याम दिसली. निळा फ्रॉक, डोळे गच्च आवळलेले. घरात सगळ्यांत मोठ्यानं आमेन तिचंच असायचं, पार पलीकडच्या आळीत ऐकू जाईल असं. तेव्हा तिला त्या शब्दांचा अर्थ कळत नव्हता. कळायला लागला तसा तिचा आवाज उतरत गेला. मग नुसते ओठ हलायचे. ईस्टरच्या संध्याकाळी तेही हलले नाहीत, ती उठूनच गेली. आणि दुसऱ्या दिवशी त्यानं त्याचीही तक्रार देवाकडे केली होती, सगळ्यांसमोर.

"तीच," तो म्हणाला. "चौदा वर्षं... मी तिला काय काय म्हणत गेलो, आणि ती त्यावर आमेन म्हणत आली, गुरुजी."

आणि आठ गावांचा हा उपदेशक लाजबीज सोडून हमसाहमशी रडला. गुरुजींनी त्याला रडू दिलं.

बऱ्याच वेळानं त्यानं नाक पुसलं. "आता काय मागू तिच्यासाठी?"

"काही मागू नको. तिच्याबद्दल देवाचे आभार मान. ऐकू तरी दे."

"हे दयाळू स्वर्गीय पित्या..."

गाडी तिथंच अडली. बोलण्यात कुणाला हार न जाणारा गडी, पण त्याला काही सुचेना.

"ती... आजीच्या पायांना रोज तेल लावते, प्रभू. कुणी सांगत नाही तिला." तो थांबला. "दुपारी मला फिरतीवरून यायला उशीर होतो. माझी भाकरी ती फडक्यात गुंडाळून ठेवते. मऊ राहावी म्हणून. बोलत नाही... पण अजून ठेवते."



"आज संध्याकाळी एवढंच म्हण," गुरुजी म्हणाले. "डोळे उघडे ठेवून. तिच्याकडे बघून."

"आणि तरी ती गप्पच राहिली तर? आमेन नाहीच म्हटलं तर?"

गुरुजींनी डोळे मिटले. एक फूल त्यांच्या पांढऱ्या भुवईवर पडलं, ते त्यांनी झटकलं नाही. शांतवनला वाटलं, म्हातारा झोपला.

"तर तिच्या गप्प राहण्याला तू आमेन म्हण."