समुद्र काय मागतो

खाडीवरचा पूल दोन वादळांत दोनदा उखडला होता. तिसऱ्यांदा बांधून झाला, तरी उधाणाची लाट आली की फळ्यांखालून कुणी बाई हुंदके देत असल्यासारखा आवाज येई.

दिवाणसाहेब पाहणीला आले आणि नेमका तो हुंदका उमटला. त्यांनी कपाळाचा घाम पुसला. पूल बांधणाऱ्या विसाजीला ते म्हणाले, "समुद्र माणूस मागतोय. अवसेला तुलाच खांबाशी पुरू."

विसाजीने ओणवं होऊन फळ्यांमधल्या फटीला कान लावला. लाट चढली की खाली कोंडलेली हवा कण्हत होती, आणि तीच पुलाला वर ढकलत होती.

"सरकार, नरडं दाबलेला जीव घास मागत नाही, श्वास मागतो. आधी तो देऊन बघू. नाहीच भागलं तर मी आहेच."

त्याने फळ्यांना जागोजाग भोकं पाडली आणि अवसेच्या उधाणात तो पुलाच्या मधोमध उभा राहिला. काळं पाणी भोकांतून उसळून त्याच्या डोक्यावरून गेलं, पण पूल हलला नाही. हुंदकाही आला नाही.

काठावरून दिवाणसाहेब ओरडले, "आता काय म्हणतोय समुद्र?"

"माणूस देतो म्हणून कोण कबूल झालं होतं, ते विचारतोय!"

दिवाणसाहेब जन्मात पुन्हा त्या पुलावर चढले नाहीत.