नोएलची पाळी

एक होते वृद्ध हार्मोनिकावादक. उभं आयुष्य त्यांनी हॉटेलांतून आणि नाचाच्या सभागृहांतून जॅझ वाजवण्यात घालवलं. वाद्य तळहाताएवढं, पण त्यांनी ते ओठांना लावलं की माणसं जेवायची थांबत. पुढे त्यांचे साथीदार एकेक करून निवर्तले आणि ते घरात एकटे उरले.

श्रीरंग हा त्यांचा शिष्य. हात तयार, मान जरा ताठ. जॅझची रीत अशी की धून सर्वांनी मिळून वाजवायची, मग ज्याने त्याने आपापल्या पाळीला तिचा मनाजोगता विस्तार करायचा. आपल्या चमूत इतरांची पाळी आली की श्रीरंग रुमालाने हार्मोनिका पुसत बसे. त्याला ते ताटकळणं जिवावर येई. अखेर त्याने ठरवलं, चमू सोडायचा आणि एकट्यानेच कार्यक्रम करायचे. आशीर्वाद घ्यायला तो गुरूंकडे गेला.

"बरं. आलायस तर ऐकून जा," गुरू म्हणाले.

त्यांनी धून धरली. आपला विस्तार संपताच वाद्य मांडीवर ठेवलं आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत ते पायाने ठेका धरून बसले. बऱ्याच वेळाने हलकेच टाळी वाजवली आणि दुसऱ्या रिकाम्या खुर्चीकडे वळले. श्रीरंगला वाटलं, वय झालं, विसरले बिचारे.

"सर, पुढचं वाजवून दाखवू का?"

"गप बस. आता भास्करची पाळी आहे."

खोलीत पंख्याखेरीज कसलाच आवाज नव्हता.

धून संपवून गुरू म्हणाले, "नोएल पियानोवर असायचा, भास्कर ड्रमवर. मी काय वाजवलं ते आता मला आठवत नाही. शाबासकी मिळाली, ती तिथंच राहिली. पण त्यांच्या पाळीला मी कान देऊन ऐकायचो, म्हणून ते अजून इथं वाजवतात. भास्करचा ठेका हल्ली पुसट होत चाललाय रे. तो गेला, मग नोएलही गेला, की मी खरा एकटा. तू खुशाल एकटा वाजव, माझी ना नाही. पण म्हातारपणी तुझ्या खोलीत कोण वाजवेल?"

त्या संध्याकाळी कार्यक्रम संपला की श्रीरंग चमूचा निरोप घेणार होता. पियानोची पाळी आली, तसा त्याचा हात सवयीने रुमालाकडे गेला. तो त्याने मागे घेतला आणि खुर्ची पियानोकडे वळवली. पियानोवाला क्षणभर गोंधळला, मग जरा सावरून, जीव ओतून वाजवू लागला. निरोपाचं बोलणं त्या दिवशी राहूनच गेलं.