जांभळीवर कोणी आहे का?

मुलांनो, एका डोंगरावरच्या रानात एक सशीण राहत असे, आणि ती इतकी भित्री होती की स्वतःच्या शिंकेलाही दचकत असे. तरीही ती रानाच्या सभेची सदस्य होती. गवतात राहणाऱ्या लहान जीवांनी तिला निवडून दिले होते. खरे सांगायचे तर निवडीच्या दिवशी ती गैरहजर होती, आणि जो गैरहजर त्याच्या गळ्यात लोढणे अडकवायचे ही युक्ती जनावरांनाही ठाऊक असते.

ही सभा कुठून आली, तेही ऐका. पूर्वी डोंगरावर आणि खालच्या मोठ्या रानावर एकट्या वाघाचे राज्य होते. डोंगरावरचा पाणवठा आटला तर खाली निरोप जायचा, आणि हुकूम वर येईपर्यंत पाऊस पडून पाणवठा भरलेला असायचा. डोंगरवाल्यांनी फारच कटकट लावली तेव्हा वाघ वैतागून म्हणाला, "शिकार आणि सीमा माझ्याकडे राहतील. पाणी, वाटा आणि पहारा तुमचा तुम्ही बघा." अशा रीतीने डोंगराला स्वतःचे सरकार मिळाले. कोल्हा कारभारी झाला आणि कावळा त्याचा चिटणीस. जीवांच्या प्रत्येक गटाचा एक सदस्य घेऊन सभा बनली. महिन्यातून एकदा सकाळी सपाट कातळावर जमायचे आणि कारभाऱ्याला प्रश्न विचारायचे, एवढेच तिचे काम होते.

त्याचे नियमही होते. प्रश्न चार दिवस आधी कावळ्याकडे द्यायचा. एकाने एकच प्रश्न विचारायचा. उत्तर पटले नाही तर प्रत्येक सदस्याला त्यावर एकेक उपप्रश्न विचारता येई. सुळक्याची सावली कातळाच्या भेगेला टेकली की सभा संपली. अध्यक्ष होते कासव. त्याला सारे नियम तोंडपाठ होते आणि नियमांच्या पलीकडचे फारसे काही दिसत नसे.

ऐकायला किती छान वाटते, नाही का? पण त्या कातळावर खरा प्रश्न विचारायला कोणीही धजावत नसे. मागे एकदा भेकराने विचारले होते की, पाणवठ्यावरच्या पाळ्या कोण ठरवतो? कोल्ह्याने हसून उत्तर दिले, कोणी रागावले नाही, कोणी शिक्षाही केली नाही. फक्त पुढच्या आठवड्यात पाळ्या नव्याने लागल्या आणि भेकराची पाळी अगदी तिन्हीसांजेला आली. त्या वेळी पाण्यावर बिबट्या येतो. भेकर कसेबसे जिवानिशी सुटले, पण त्याच्या पाठीवर चार नखांचे ओरखडे राहिले. तेव्हापासून सगळे सदस्य हवापाण्याचे प्रश्न विचारू लागले.

आता सशिणीचे दुखणे काय होते ते सांगतो. पूर्वेच्या उतारावरच्या वाळक्या गवतात, एका खळग्यात, तिची तीन दिवसांची तीन पिल्ले होती. फाल्गुन संपत आला होता. समोरच्या डोंगरांवर रोज कुठे ना कुठे धूर दिसे. उताराच्या माथ्यावर एक जुनी, दाट जांभूळ होती, आणि तिच्या शेंड्यावर पहाऱ्याला वानर बसत असे. वणवा दिसला की तो आरोळी ठोकी, आणि गवतातले जीव वेळेवर पळत. पण गेल्या पंधरा दिवसांत एकदाही आरोळी ऐकू आली नव्हती. वणवा नाही म्हणून आरोळी नाही, की आरोळी देणाराच नाही? खालून पाहावे तर पानांच्या गर्दीत काही दिसत नव्हते, आणि जांभळीकडे जाणारी वाट बिबट्याच्या गुहेवरून जात होती.

पिल्ले आधीच हलवली तर? तर उघडा कातळ ओलांडावा लागणार, आणि कातळावर दिवसभर ससाणा घिरट्या घालत असे. जांभळीवर वानर असेल तर पिल्ले गवतातच ठेवणे शहाणपणाचे होते. नसेल तर गवतात ठेवणे म्हणजे चुलीत ठेवणे होते. काय करावे हे त्या एका उत्तरावर अवलंबून होते. म्हणून पिल्ले व्हायच्या आदल्या दिवशी तिने थरथरत कावळ्याकडे प्रश्न दिला होता, आणि तेव्हापासून तिला घास गोड लागत नव्हता.

सभेच्या सकाळी पहिला प्रश्न मोराचा होता. मोर नेहमी कारभाऱ्याच्या शेजारी बसे. "आपला डोंगर सर्व डोंगरांत सुंदर आहे, हे खरे आहे काय?" त्याने पिसारा सावरत विचारले. "होय, हे खरे आहे," असे म्हणून कोल्ह्याने त्यावर इतके लांबलचक भाषण केले की सावली निम्मा कातळ चालून आली. सशीण सावलीकडे बघत होती.

मग कावळ्याने तिचा प्रश्न वाचला. "पूर्वेच्या उतारावरील जांभळीवर पहारेकरी वानर आज बसलेला आहे काय?"

"अध्यक्ष महाराज," कोल्हा उठून म्हणाला, "दर उतारावर एक पहारेकरी, हे धोरण या सरकारने गेल्या पावसाळ्यातच मंजूर केलं आहे. असं धोरण असलेला हा पहिलाच डोंगर."

मोराने मान डोलावली. सशिणीने दोनदा तोंड उघडले आणि मिटले. तिसऱ्यांदा आवाज फुटला. "पण... आज तिथे कोणी आहे का?"

"धोरण मंजूर आहे म्हटल्यावर हा प्रश्नच उद्भवत नाही," कोल्हा गोड आवाजात म्हणाला.

"तुमचा उपप्रश्न झाला. खाली बसा," कासव म्हणाले.

सशीण बसली नाही. ती फार धीट झाली होती असे समजू नका. भीतीने तिचे पाय असे आखडले होते की तिला बसताच येईना. ती तशीच उभी राहिली, कान पाठीला चिकटलेले, डोळे विस्फारलेले. सगळी सभा तिच्याकडे बघत होती, आणि उत्तर आलेले नाही हे सगळ्यांना कळत होते. पण तसे म्हणणार कोण?

तेव्हा मागच्या बाजूने भेकर उठले. "अध्यक्ष महाराज, माझाही प्रश्न तोच आहे. जांभळीवर कोणी आहे का?"

कोल्ह्याने त्याच्याकडे सावकाश मान वळवली. "तुमची पाण्याची पाळी बरी चालली आहे ना?" त्याने विचारले. जवळच बसलेल्या रानडुकराने नजर खाली घातली.

"नाही, बरी चाललेली नाही," भेकर म्हणाले. "जांभळीवर कोणी आहे का?"

"तसं पाहिलं तर वणवा सीमेपलीकडून येतो," कोल्हा म्हणाला. "आणि सीमा म्हणजे वाघ महाराजांचा विषय. तो आपल्या अखत्यारीत येत नाही. सदस्यांनी खाली जाऊन त्यांना विचारावं."

खाली जाऊन वाघाला विचारावं! या उत्तरावर आजवर कित्येक प्रश्न मेले होते. पण या खेपेला कासवाने मान बाहेर काढली. नियमांचा किडा होता तो, आणि चुकीचा नियम त्याला खड्यासारखा खुपत असे. "सीमा वाघ महाराजांची. पहारा आपला," ते म्हणाले. "त्यांनी तो दिला तेव्हा मी इथेच बसलो होतो. उत्तर द्या, कारभारी."

कोल्ह्याचे हसू पहिल्यांदा मावळले. इतक्यात रानडुक्कर उठले. इतका वेळ मान खाली घातल्याची त्याला लाज वाटली असावी. "माझाही प्रश्न तोच," ते गुरगुरले.

"अशा प्रश्नांनी रानात घबराट पसरते!" कोल्हा ओरडला.

"घबराट पसरलेलीच आहे," रानडुक्कर म्हणाले. "कोणी आहे का तिथे?"

कोल्हा बोलतच राहिला. पहाऱ्याचे महत्त्व, पूर्वजांची शिकवण, रानाची एकी, असे काय काय तो सांगत होता, आणि तिकडे सावली सरकत होती. भेगेपाशी यायला तिला आता फक्त वीतभर अंतर होते. उठायची हिंमत करणारा आणखी एकच सदस्य निघाला, आणि तो होता मोर. मोर उठला तेव्हा सशिणीने डोळे मिटून घेतले. संपले, तिला वाटले. हा आता कारभाऱ्याच्या शेपटीचे कौतुक करील आणि सावली टेकेल.

मोराने पिसारा फुलवला नाही. तो कारभाऱ्याकडे न बघता म्हणाला, "माझी लांडोर त्याच उतारावर चरते. माझाही प्रश्न तोच आहे."

आता मात्र कोल्ह्याने वळून कावळ्याकडे पाहिले, आणि तेव्हा सगळ्या सभेला एक भयंकर गोष्ट उमगली. कारभारी उत्तर लपवत नव्हता. त्याला उत्तर माहीतच नव्हते. इतका वेळ तो आपले अज्ञान झाकत होता.

"काय रे, कोण आहे तिथे?" त्याने हळूच विचारले.

कावळ्याने चोच पंखात खुपसली. "आपल्या गुहेवर उंबर आहे ना, महाराज," तो म्हणाला. "आपणच म्हणाला होतात, वानराला दोन दिवस तिथे बसवा, पहारा कसा असतो ते पाहुण्यांना दाखवू. पाहुणे गेले. वानराला परत जा म्हणायचं कोणाला सुचलं नाही."

"म्हणजे जांभळीवर..."

"पंधरा दिवस झाले."

कोल्हा सभेकडे वळला. "नाही," तो म्हणाला. "जांभळीवर कोणी नाही."

हा एक शब्द ऐकून त्या कातळावर जी भीती पसरली, ती सांगायला मला शब्द सापडत नाहीत. पंधरा दिवस सगळे रान निर्धास्त झोपले होते, आणि वर कोणीच नव्हते! सशिणीचे आखडलेले पाय सुटले. माफी ऐकायला ती थांबली नाही. तीरासारखी ती उताराकडे सुटली.

पहिले पिल्लू तोंडात धरून ती कातळाच्या कडेला आली तेव्हा ससाणा वरच होता. त्याची सावली तिच्यापुढे गोल गोल फिरत होती. तिला वाटले, आपण इथेच मरणार. तोच रानडुक्कर कातळावर येऊन उभे राहिले. त्याच्यामागे भेकर आले, मोरही आला, आणि तिघे एकमेकांजवळ सरकून तिच्यावर आडोसा करून चालू लागले. पंखांचा फडफडाट दोनदा अगदी कानाशी आला. तीन पिल्ले, तीन खेपा. शेवटच्या खेपेला गवतात उंदीर, सरडे, लाव्याची जोडी, सगळ्यांची पळापळ उडाली होती, कारण सशीण धावता धावता ओरडत होती, "वर कोणी नाही! वर कोणी नाही!"

दुपारी माथ्यावरून वणवा उतरला. कसलीही आरोळी आली नाही. आधी कडकड ऐकू आली, मग सारा उतार एकदम तांबडा झाला. पलीकडच्या बाजूने सगळे बघत राहिले. सशिणीने तिन्ही पिल्ले पोटाखाली घेतली होती आणि ती त्यांना पुन्हा पुन्हा हुंगत होती. लाव्याची जोडी मात्र वेगळी बसली होती. त्यांची अंडी होती, आणि अंडी तोंडात धरून नेता येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सभेचा दिवस नव्हता. तरी सारे सदस्य कातळावर आले, आणि कोल्हाही आला. त्याच्या अंगाला धुराचा वास येत होता, डोळे लाल झाले होते. आता गवतातले सगळे जीव पश्चिमेच्या उतारावर दाटीवाटीने राहायला गेले होते, आणि तिथलेही गवत वाळलेलेच होते. कोणी काही विचारायच्या आधीच तो म्हणाला, "पश्चिमेच्या माथ्यावर हिरड्याचं झाड आहे. काल संध्याकाळपासून वानराला तिथे बसवलं आहे. आता काळजी नको."

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. सशीण उभी राहिली. आदल्या दिवसापेक्षा आज ती जास्तच थरथरत होती.

"तुम्ही स्वतः पाहिलंत?" तिने विचारले.

कोल्ह्याने कावळ्याकडे पाहिले. कावळा दुसरीकडे बघत होता. "नाही," असे म्हणून कोल्हा उठला आणि माथ्याच्या चढणीला लागला.

तो परत येईपर्यंत सभा कातळावरून हलली नाही.

तात्पर्य : कारभाऱ्याला प्रश्न विचारताना पाय कापले तरी चालतील, पण 'आहे' की 'नाही' हे कळल्याशिवाय खाली बसू नये.